ज्याचे जसे पोट

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन शहरातील दरिद्री जनांच्या उपजीविकेची जी विस्तृत चौकशी हेन्री मेह्यू या पत्रकाराने केली आणि 1851 सालापासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तीत चिंध्या वेचणारे, रस्ते झाडणारे, गटारांत उतरून चीजवस्तू शोधणारे अशा नाना पेशांच्या रांगेत एक पेशा असा नोंदलेला आढळतो की, तो वाचून प्रथम ग्रंथकाराच्या सत्यनिष्ठेचाच संशय यावा. हाती झाकणाची टोपली घेऊन रस्तोरस्ती कुत्र्यांची विष्ठा गोळा करीत हिंडणाऱ्या वृद्ध स्त्रीपुरुषांचा हा वर्ग होता. उजव्या हातात चामड्याचा मोजा घालावा असा या धंद्याचा रिवाज असे. परंतु मोजा धुण्यापेक्षा हात धुणे सोपे, या व्यवहारी विचाराने पुष्कळांनी मोज्याला रजा दिली होती. मालाचा भाव बादलीस 8 ते 10 पेन्स, आणि माल उत्तम असल्यास 1 शिलिंग व वर 2 पेन्स असा मिळे. उत्तम म्हणजे वाळलेला, पांढुरका, चुनखडीसारखा भुगा होणारा. त्या रंगाची नक्कल साधण्यासाठी जुन्या भिंतींचा चुना खरवडून त्यात मिसळणारे लबाडही होते, अशी नोंद मेह्यूने केली आहे. ज्या मालात भेसळ करण्याची कोणाला बुद्धी होते, त्या मालाची बाजारातील प्रतिष्ठा निराळी सिद्ध करीत बसावे लागत नाही.

हा माल घेणारे गिऱ्हाईक म्हणजे थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील बर्मंडसी भागातील कातडी कमावण्याचे कारखाने. आपल्याकडील ढोर समाजाच्या वस्तीत ज्याने चुन्याचे हौद आणि बाभळीच्या सालीच्या पखाली पाहिल्या असतील, त्याला या कामाचा पूर्वार्ध समजावून सांगण्याची गरज नाही. कच्चे कातडे चुन्याच्या निवळीत पडले की त्यावरील केस सुटतात. पण त्याच वेळी कातडे फुगते, ताठरते, आणि चुना त्याच्या अंतरंगात शिरून ठाण मांडून बसतो. जोड्याचा तळवा करावयाचा असेल तर ही ताठरता खपून जाते. परंतु ज्या शेळ्यामेंढ्यांच्या कातड्याचे पुढे सरदारांच्या स्त्रियांसाठी हातमोजे व्हावयाचे, किंवा ज्याने मौल्यवान ग्रंथांची बांधणी व्हावयाची, ते कातडे रेशमासारखे वळले पाहिजे. आणि ते तसे वळावे म्हणून कुत्र्याची विष्ठा कोमट पाण्यात कालवून त्या काल्यात कातडी काही तास घोळवीत ठेवावी लागत. काम केव्हा पुरे झाले हे घड्याळ सांगू शकत नसे. कारागीर कातड्याची घडी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत दाबून पाही. बोटांचा ठसा उमटून तसाच राहिला, कातडे उसळून पूर्ववत झाले नाही, तर ते ताबडतोब बाहेर काढावयाचे, कारण थोडासा विलंब झाला तर त्याच काल्याने त्या कातड्याची चाळण होई. गाईबैलांच्या जाड कातड्यांसाठी मात्र कुत्रा उपयोगी नसे. तेथे कबुतरांची किंवा कोंबड्यांची शीट घेत.

या किळसवाण्या काल्यात गुण नेमका कशाचा, याचा शोध लागण्यास विसावे शतक उजाडावे लागले. नॉटिंगहॅम येथील जोसेफ टर्नी वुड या चर्मोद्योगातील रसायनज्ञाने त्यातील जंतू व पाचकरस यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्याच सुमारास श्टुटगार्टच्या गॅसच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या ओटो र्‍योम या जर्मन रसायनज्ञाच्या नाकाला गॅसच्या कारखान्यातील अमोनियायुक्त पाण्याच्या वासात आणि कातडी कमावणाऱ्यांच्या त्या काल्याच्या वासात साम्य आढळले, आणि तो या प्रश्नाच्या मागे लागला. केवळ अमोनियाने चुना निघे, पण कातडे मऊ होत नसे. अखेरीस त्याच्या ध्यानात आले की, मांसाहारी प्राण्याच्या आतड्यातून मांस पचविणारे जे पाचकरस, म्हणजे ज्यांना आपण हल्ली एन्झाइम म्हणतो ते, विष्ठेबरोबर बाहेर पडतात, तेच कातड्यातील नको असलेली प्रथिने विरघळवीत असतात. मग कुत्र्याच्या पाठीमागे हिंडावयाचे कशाला? कत्तलखान्यात फुकट जाणाऱ्या स्वादुपिंडात तोच रस विपुल असतो. र्‍योम याने 1907 साली ओटो हास या व्यापाऱ्याच्या भागीदारीत कंपनी काढली व ‘ओरोपॉन’ या नावाने तो रस अमोनियाच्या क्षारासह विकावयास आणला. त्यानंतर कपड्यांवरील रक्ताचे, दुधाचे, अन्नाचे डाग म्हणजेही शेवटी प्रथिनेच, हे ओळखून 1914 साली ‘बुर्नुस’ नावाची कपडे धुण्याची पूडही याच कंपनीने बाजारात आणली. आज ज्या एन्झाइमयुक्त साबणपुडीच्या जाहिरातीत शुभ्र कपड्यांतील हसरे कुटुंब दिसते, तिच्या वंशवृक्षाचे मूळ बर्मंडसीतील टोपल्यांपर्यंत जाऊन पोहोचते. जाहिरातदारांना हे ठाऊक नसावे, आणि असले तरी त्यांनी ते सांगू नये हे रास्तच आहे.

आपणा मराठी माणसांचा या विषयाशी परिचय फार जुना, पण बहुतेक एकाच जनावरापुरता आहे. सारवण, गोवऱ्या, सडा, शेणखत, दिवाळीतील शेणाचे पांडव, आणि प्रसंगी चुकलेल्या मुलाला उद्देशून काढलेले शेण खाल्ल्याचे उद्गार, एवढ्यात आपला सगळा व्यवहार आटोपतो. आणि तो गाईशी निगडित असल्यामुळे त्याची चर्चा एक तर भक्तीच्या, नाही तर टवाळीच्या सुरात होते. कारागिरांना या दोहोंचे सोयरसुतक नव्हते. त्यांनी पाहिले ते एवढेच की, प्रत्येक जनावराचे पोट हा एक निराळा कारखाना आहे; एकात मांस विरघळते, दुसऱ्यात गवत आंबते, तिसऱ्यात ते केवळ चिरडले जाते; आणि ज्या पोटातून जो अर्धवट तयार माल बाहेर पडतो, तो त्या त्या धंद्याला उपयोगी पडतो. कोणत्या कामाला कोणते जनावर, ही निवड त्यांनी रसायनशास्त्राचा ओनामा न गिरविता इतकी अचूक केली की, पुढील काळातील शास्त्रज्ञांना बहुधा तिची कारणे शोधण्याचेच काम उरले.

पक्ष्यांचे उदाहरण घ्या. सस्तन प्राणी नत्राचा मोठा भाग मूत्रावाटे टाकतात. पक्ष्यांना हा वेगळा मार्ग नाही, त्यांचे सर्व उत्सर्जन एकाच वाटेने, पांढऱ्या घट्ट स्वरूपात होते, आणि म्हणून त्यांच्या शिटेत नत्र ठासून भरलेले असते. इराणातील इस्फहान शहराभोवती केवळ एवढ्याचसाठी विटांचे प्रचंड बुरूज बांधलेले होते. सतराव्या शतकात तेथे राहिलेल्या शार्दां या फ्रेंच प्रवाशाने अशा कबूतरखान्यांची संख्या 3000 च्या वर सांगितली आहे. आत भिंतीभर हजारो कोनाडे, वर पाखरांना ये-जा करण्यापुरती छिद्रे, आणि खाली शीट साचण्यास मोकळी जागा. वर्षातून एकदा दार उघडून ती काढावयाची आणि खरबुजांच्या वाडीला घालावयाची. मुंबईतील दादरच्या कबूतरखान्याने ते नाव घेतले, हेतू मात्र घेतला नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्यालगतच्या, पावसाचा थेंबही क्वचित पडणाऱ्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या शिटेचे डोंगर शतकानुशतके साचले होते. ते ‘ग्वानो’ खत 1840 नंतर जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागले, पेरूच्या सरकारी खजिन्याचा तो आधार बनला, आणि 1856 साली अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदाच केला की, ज्या बेवारस बेटावर असे खत असेल ते कोणाही अमेरिकन नागरिकाने ताब्यात घ्यावे व सरकारने त्यास संरक्षण द्यावे. पाखरांच्या शिटेपायी साम्राज्याने बेटे खालसा करावीत, हे इतिहासाच्या गांभीर्याला शोभत नाही. पण दप्तरी नोंद तशी आहे. आता त्याच शिटेचा एक निरुपद्रवी उपयोग सांगतो. अंटार्क्टिकातील एम्परर पेंग्विनांच्या वसाहती उपग्रहाच्या छायाचित्रांत पक्षी म्हणून दिसत नाहीत. बर्फावरील त्यांच्या शिटेचे तपकिरी डाग दिसतात, आणि 2009 साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी त्या डागांवरून तोवर अज्ञात असलेल्या वसाहती हुडकून काढल्या.

परंतु नत्राची खरी कर्तबगारी दिसते ती दारूखान्यात. बंदुकीच्या दारूत गंधक व कोळसा मिळून चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से सोरा असतो, आणि हा सोरा निसर्गात बहुतांशी जनावरांच्या मलमूत्रातूनच तयार होतो. गोठ्याची जमीन, जुन्या भिंतीचा पाया, कबुतरांच्या ढाबळीखालची माती, अशा ठिकाणी मलमूत्रातील अमोनिया मुरतो. मातीतील जंतू त्याचे नायट्रेट बनवितात. आणि पावसाळा सरून जमीन कोरडी पडू लागली की ते क्षार ओलाव्याबरोबर वर चढून पांढऱ्या बुरशीसारखे पृष्ठभागावर फुलून येतात. भिंतीला लोणा लागला म्हणून ज्याच्या नावाने आपण गवंड्याला बोल लावतो, त्यातही पुष्कळदा हाच प्रकार असतो. बिहारात नुनिया जातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गावाकडेची ही माती खरवडून, मडक्याच्या गाळणीतून पाणी झिरपवून, त्यात लाकडाच्या राखेचा अंश मिळवून, ते पाणी आटवून सोऱ्याचे स्फटिक काढीत. गुरे दाट, हवा उष्ण, पावसाळा व उन्हाळा यांची फारकत स्पष्ट, असा योग जगात फार थोड्या ठिकाणी जुळतो. म्हणून पाटण्याच्या सोऱ्यासाठी इंग्रज, डच आणि फ्रेंच या तिन्ही कंपन्यांच्या वखारी एकमेकींवर डोळा ठेवून बसलेल्या असत. पलाशीच्या लढाईनंतर लगेच, 1758 साली, क्लाइव्हने मीर जाफर याजकडून सोऱ्याचा सर्व मक्ता कंपनीच्या पदरात पाडून घेतला, यावरून त्या मातीची किंमत समजून येते. खुद्द इंग्लंडात हा माल मिळविण्याची रीत अधिक जाचक होती. राजाचा परवाना घेतलेले सोरेवाले कोणाच्याही तबेल्यात, ढाबळीत, प्रसंगी राहत्या घरातही शिरून जमीन खणून नेत, आणि रयतेच्या तक्रारींचा ढीग त्या मातीइतकाच उंच वाढे. मालकाच्या संमतीवाचून खणू नये असा कायदा होण्यास 1656 साल उजाडले. हिंदुस्थानातील सोरा विपुल येऊ लागल्यावर तेथील गृहस्थांचे तबेले सुटले. बिहारच्या गोठ्यांनी असे इंग्लंडच्या गोठ्यांचे संरक्षण केले, आणि त्याच सोऱ्याची दारू भरलेल्या तोफा पुढे आपल्याकडे वळल्या, हा त्या व्यापाराचा उत्तरार्ध.

घोडा रवंथ करीत नाही. त्याच्या पोटातून गवत अर्धेमुर्धे चघळलेल्या, लांबट तंतूंच्या रूपात बाहेर पडते, आणि या उणिवेचा फायदा घंटा ओतणाऱ्यांनी घेतला. चिकणमाती, बकऱ्याचे केस आणि घोड्याची लीद तुडवून केलेल्या गाऱ्याचा साचा लंडनच्या व्हाइटचॅपल ओतशाळेत वापरीत. ‘बिग बेन’ या नावाने जगाला माहीत झालेली, 13 टनांहून अधिक वजनाची घंटा 1858 साली याच ओतशाळेत ओतली गेली. साचा भाजताना लिदीतील तंतू जळून जातात व त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात. तप्त रस ओतला की आतील हवा व वायू त्या नळ्यांवाटे निसटतात. नळ्या नसतील तर तेच वायू धातूत बुडबुडे होऊन अडकतील, आणि घंटा वाजण्याऐवजी खोकेल. इटलीतील बिरिंगुच्यो याचा धातुकामावरील ग्रंथ 1540 साली छापला गेला, त्यातही साच्याच्या मातीला शेण व लीद यांची जोड सांगितली आहे. आणि तमिळ देशातील स्वामिमलैचे मूर्तिकार मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाचा लेप देतात, त्यात शेण असते.

हत्तीची पचनशक्ती तर त्याच्या देहाच्या मानाने फारच बेताची. खाल्ल्यापैकी निम्म्याहून अधिक चारा तसाच बाहेर येतो. श्रीलंकेत आणि जयपुराकडे त्या तंतूंना उकळून, धुऊन, लगदा करून कागद बनवितात. तो कागद दिसावयास सुबक असतो, वासही येत नाही, आणि परदेशी पाहुणे तो हौसेने नेतात. परंतु तो एक शोभेचा व्यवसाय आहे, त्याने कागदाचा दुष्काळ हटावयाचा नाही. गाईच्या शेणातील काष्ठद्रव्यापासून व्हॅनिलाचा सुगंध काढणाऱ्या जपानी संशोधिकेला 2007 साली थट्टेखातर दिले जाणारे इग्नोबेल पारितोषिक मिळाले, त्याची गणना याच सदरात करावी. कोकणच्या किनाऱ्यावर अधूनमधून कोणीतरी ‘व्हेल माशाची उलटी’ विकताना पकडला जातो आणि वृत्तपत्रे कोट्यवधींचे आकडे छापतात. अत्तरांना टिकाऊपणा देणारा हा अंबर वास्तविक स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो व बहुधा विष्ठेच्याच वाटेने बाहेर पडतो. पण त्या नावाने तो विकणे अंमळ अवघडच.

आता गाईकडे यावयास हरकत नाही. वऱ्हाडात व खानदेशात कापूस पेरण्यापूर्वी सरकी शेणकाल्यात चोळून वाळविण्याची पद्धत अनेक पिढ्या चालत आली. शहरी वाचकाला यात एक तर खत दिसेल, नाही तर अंधश्रद्धा. कारण याहून साधे आहे. सरकीवर बारीक लव असते. त्या लवेमुळे बिया एकमेकींना बिलगून त्यांचे गोळे होतात, आणि सरत्याच्या नळीतून त्या एकेक करून उतरत नाहीत. शेण व बारीक माती लावून, बाजेवर किंवा जमिनीवर घासून त्या वाळविल्या की लव अंगाला चिकटून बसते, दाणा गुळगुळीत व सुटा होतो, आणि पेरणाऱ्या बाईच्या मुठीतून हवा तितकाच सुटतो. कौटिल्याने सीताध्यक्षाच्या प्रकरणात कठीण बियांना शेणाचा लेप द्यावा असे सांगितले आहे, आणि टीकाकार त्या बिया म्हणजे सरकी असा अर्थ लावतात. हल्ली कंपन्या तीच लव गंधकाम्लाने जाळून बियाणे पाकिटात भरतात.

कपाशीचा कापूस होऊन त्याचे कापड झाले, तरी शेणाने त्याचा पिच्छा सोडलेला नव्हता. कोरोमंडल किनाऱ्यावरील चित्रित सुती कापडांनी सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपाला वेड लावले, तेव्हा त्यांतील मर्म काढून नेण्यासाठी फ्रेंचांनी बरीच खटपट केली. बोल्यू या आरमारी अधिकाऱ्याने 1734 च्या सुमारास पाँडिचेरीस कारागिरांसमोर बसून कामाच्या प्रत्येक पायरीवर कापडाचा एकेक तुकडा कापून घेतला व त्याखाली टिपणे लिहिली. कर्दू या जेझुइट पाद्र्याने 1742 साली याच विषयावर सविस्तर पत्र मायदेशी धाडले. या लिखाणांतून दिसते की, कापड शुभ्र करण्यासाठी ते शेण अथवा लेंड्या कालविलेल्या पाण्यात भिजवून, धुऊन, उन्हात पसरीत व सुकले की पुन्हा पाणी शिंपडीत. आजही कच्छमधील खत्री अजरखाच्या कापडाला एरंडेल, खार आणि उंटाच्या लेंड्या यांचा काला पाजतात.

युरोपातील छपाई कारखान्यांनी शेणाला याहून नाजूक काम दिले. तुरटीचा किंवा लोखंडाचा क्षार डिंकात घोटून नक्षी छापावयाची आणि मग कापड मंजिष्ठेच्या रंगात बुडवावयाचे, म्हणजे नक्षीपुरताच रंग चढतो, ही ती रीत. पण नक्षीवरील जो क्षार धाग्यात पक्का बसलेला नसतो, तो रंगाच्या हौदात सुटून पांढऱ्या जमिनीवर पसरतो व सगळे कापड बरबटते. म्हणून रंगापूर्वी कापड शेणाच्या ऊन पाण्यातून काढीत. शेणातील फॉस्फेट पक्क्या क्षाराला अधिक पक्के करी, आणि बाकीचे पदार्थ सुट्या क्षाराला पकडून ठेवून डिंकासह धुऊन काढीत. मँचेस्टरच्या परिसरात हे काम इतक्या मोठ्या प्रमाणावर चाले की शेणाला पर्याय शोधणे हा रसायनज्ञांचा एक मानाचा उद्योग बनला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फॉस्फेट, सिलिकेट व आर्सेनेट हे क्षार वापरात आले. आर्सेनेट म्हणजे सोमलाचा क्षार. शेणाचा ओंगळपणा टाळण्यासाठी कारखानदारांनी हौदात सोमल कालविला, आणि तो वापरून झाल्यावर बिनदिक्कत नदीत सोडला. स्वच्छता आणि निर्मळपणा यांत अंतर असते, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

शेण जाळावे की शेतात घालावे, हा वाद आपल्याकडे ब्रिटिश अमदानीत पुष्कळ रंगला. साहेबलोकांना वाटे, हिंदी शेतकरी अडाणी असल्यामुळे सोन्यासारखे खत चुलीत घालतो. 1889 साली सरकारने डॉ. व्होल्कर या कृषिरसायनज्ञाला चौकशीसाठी बोलाविले. त्याने गावोगाव हिंडून 1893 साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात शेतकऱ्याची बाजू घेऊन निक्षून सांगितले की, जेथे जळण मिळते तेथे तो खत जाळीत नाही. सरकारने सरपणाची राने लावावीत. राने काही लागली नाहीत. कज्जा सुटला तो निराळ्या वाटेने. गाईच्या कोठीपोटात गवत आंबविणाऱ्या जंतूंबरोबर मिथेन वायू निर्माण करणारे सूक्ष्म जीवही असतात, आणि ते शेणाबरोबर बाहेर येतात. हवा लागू न देता शेण पाण्यात कालवून बंद टाकीत ठेवले, तर पोटातील तेच काम ते टाकीत पुढे चालू ठेवतात. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 साली टाकीतील असा वायू धरून कामाला लावल्याची नोंद आहे. तो मैला माणसांचा असल्यामुळे ते उदाहरण प्रस्तुत विषयाच्या शिवेवरच ठेवतो. गुरांच्या शेणावर डॉ. एस. व्ही. देसाई यांनी दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत 1939 च्या सुमारास प्रयोग केले, जशभाई पटेल यांनी 1951 च्या सुमारास तरंगत्या टाकीचे सुटसुटीत यंत्र बसविले, आणि पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने ते गावोगाव नेले.

या यंत्रात घरधनिणीला समजण्यास कठीण असे काही नाही. विहिरीसारख्या गोल खड्ड्यात शेणकाला, त्यावर उपडी तरंगणारी लोखंडी टाकी. वायू साचला की टाकी वर चढते, स्वयंपाक झाला की खाली उतरते, आणि आज पुरणपोळीचा घाट घालावा की पिठले-भाकरीवर भागवावे, हे तिच्या उंचीवरून ठरविता येते. चार-पाच जनावरांच्या सुमारे 50 किलो शेणातून दिवसाकाठी 2 घनमीटर वायू मिळतो, आणि तो पाच-सहा माणसांच्या रांधपास पुरतो. व्होल्करच्या काळच्या वादाचा निकाल यातच लागतो. कारण जळतो तो कार्बन, आणि पिकाला हवे असलेले नत्र मळीत शिल्लक राहते. कटकटीही आहेत. टाकी गंजते, तिला दरसाल रंग द्यावा लागतो. त्या कटकटीपायी 1984 साली ‘दीनबंधू’ हे विटांच्या स्थिर घुमटाचे यंत्र पुढे आले व ते स्वस्तही पडले. पौष-माघात मात्र कोणत्याही यंत्राचा वायू घटतो, कारण हे जंतू जनावराच्या पोटातील उबेला सरावलेले असतात. तेव्हा जाणता शेतकरी शेण कोमट पाण्यात कालवितो आणि टाकीच्या भोवती खताचा उकिरडा रचतो; आत कुजणाऱ्या खताची धग टाकीला लागते आणि चूल अर्धा तास अधिक चालते.